पहिला आजार बरा होता

मुक्काम उसातली खोप, रहिमतपूरच्या खालच्या अंगाला.

चिरंजीव नानासो यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रागात दिलेले आशीर्वादसुद्धा लागतात असं आपली आई म्हणायची, म्हणून देऊन ठेवते. आटपाडीस तू, मनुबाई, लेकरं आणि ती तुझी खिलार जोडी खुशाल असेल. माझी खुशाली तू विचारली नाहीस, तरी कळवते की मी जिवंत आहे. वाचून कुणाची निराशा झाली तर माझा इलाज नाही. पत्र माझ्या हातानं लिहिते आहे. तिसरी सोडल्यावर हातात लाटणं आलं ते आलंच, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण गावच्या मास्तरांकडून मी लिहून घेणार नाही. मागं एकदा घेतलं होतं. मी चांगली शिवी सांगितली, आणि त्यांनी लिहिलं, "आपला लोभ असावा." (लोभ आहेच की सगळ्यांना. त्याचं पुढं येईल.)

तुझं कार्ड पोचलं. "आजार बदलल्याचे समजले. ऐकून संतोष झाला. सवडीने येतो." नाना, आजार बदलला म्हणजे काय रं? मी काय खरसुंडीच्या बाजारात बैल बदलून आणला? आणि ही सवड तुला आत्ताच बरी लागायला लागली. मी मरणार असं कळलं तेव्हा मळणी टाकून, कोळशावरच्या त्या धुरकट मोटारीत बसून, काळं तोंड घेऊन तू दारात हजर होतास. आता मी जगणार असं कळलं, तर सवड! तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्ध्यावर तू गेलास. म्हणून पहिल्यापासून सांगते. बसून वाच. बैलांना वैरण नंतर घाल.

मागच्या दिवाळीच्या पुढं माझं पोट वाढायला लागलं. बाकीची मी वाळत चाललेली, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या, आणि पोट मात्र सावकारासारखं पुढं. दिवस कलला की अंगात कणकण, अन्न समोर आलं की तोंड फिरायचं. ह्या वयात बाईचं पोट वाढलं की गावाला एकच कारण सुचतं. पाणवठ्यावर बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. माझी नणंद बनुबाई (गावातच दिलेली, त्यामुळं सणाला येते असं नाही, रोजच येते) ती तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "वैनी, काय खावंसं वाटतंय गं?" मी म्हटलं, "तुजं डोस्कं." तवा कुठं गप्प झाली. वैद्यानं काढा दिला, जुलाब दिला, देवऋष्यानं लिंबं उतरली. कशानं काही नाही. शेवटी तुझ्या दाजींनी मला साताऱ्याला नेलं. पंचवीस वर्षांच्या संसारात दाजी साताऱ्याला कोर्टाच्या तारखेला गेले, बैलजोडीला गेले, बायकोसाठी पहिल्यांदाच.

साताऱ्याच्या त्या डाक्टरनं (नाव लिहीत नाही, पत्र विटाळेल) माझ्या पोटावर बोटं वाजवली, कलिंगड घेताना वाजवतात तशी. मग एका जागी दाबून धरलं, हूं म्हणाला, आणि मला बाहेर बाकड्यावर बसवून दाजींना आत घेतलं. पोट माझं, गाठ माझी, आणि सांगायचं नवऱ्याला! दाजी बाहेर आले ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, "काय न्हाई, वारा धरलाय." आणि मला घेऊन थेट पेढ्यांच्या दुकानात. नाना, कंदी पेढे! माझ्यासाठी! सयाजी झाला तवा ह्या माणसानं गुळाचा खडा वाटला होता. पेढा तोंडात घातला आणि तिथंच मला कळलं, की आपलं काही खरं नाही.

घरी आल्यावर तर खात्रीच झाली. सासूबाई माझी वेणी घालायला बसल्या. ज्या बाईनं मला लगीन झाल्यापासून नावानं हाक मारली नाही, "ए, ऐकू येतं का" म्हणूनच बोलावलं, ती माझ्या डोक्याला खोबरेल चोळत म्हणते, "केस किती गं मऊ हायत तुझं." साय मला, पहिल्या धारेचं दूध मला, उन्हात खाट मला. कुणी सांगेना काय झालंय. विचारलं की रडायचे. मला एवढा राग यायचा नाना, की मरणाचं भय वाटायला सवडच झाली नाही. आणि मग गाव लोटलं. तुला माहीत आहेच, नवरा मागं ठेवून, कपाळाला कुंकू घेऊन जाणारी बाई म्हणजे भाग्याची. अहेव मरण! रोज दुपारी बाया यायच्या, माझी ओटी भरायच्या, पाया पडायच्या, माझ्या हातानं कुंकू लावून घ्यायच्या. कुणी माझ्या ताटातला घास प्रसाद म्हणून उचलायची. जिनं माझी कोंबडी चोरली ती पायावर डोकं ठेवून गेली. (कोंबडीचं नाव नाही काढलं.) बनुबाईनं माझ्या हातातल्या चार बांगड्या अहेवाचं लेणं म्हणून काढून नेल्या, मी हो म्हणायच्या आधीच. रडत होती आणि काढत होती. दोन्ही कामं एकदम करायला अंगात हुन्नर लागतो.

त्यात तू आलास. दारातनंच असा हंबरडा फोडलास, की शेजारची वासरं बिथरली. सगळं गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. पाचव्या भाकरीवर मात्र तुझा हुंदका थांबला. आणि जाताना गुपचूप सासूबाईंच्या हातात ते पुडकं दिलंस. माहेरचं हिरवं लुगडं. बहीण मेल्यावर तिच्या अंगावर माहेरचं वस्त्र पडावं, ही रीत मला मान्य आहे. पण ती मेल्यावर, नाना! मी ओसरीवर बसून शेंगा फोडत होते! सासूबाईंनी ते पेटीत ठेवलं, मी दुसऱ्या दिवशी काढलं आणि नेसले. मेल्यावर नेसवून मला काय दिसणार होतं? आता लुगड्याचं ऐक. रंग जातो. घाम आला की कमरेला हिरवा पट्टा. पुढं सांगलीच्या डाक्टरांनी पोट बघायला घेतलं तर ते दचकले, म्हणाले, बाई, हा डाग कसला? मी म्हटलं, माहेरचा. पुन्हा कुणासाठी घेशील तर पाण्यात बुडवून बघून घे. बाई मेली म्हणून तिला काहीही चालतं असं नसतं.

सयाजी रजेवर आला म्हणून मी आहे. लढाईत ब्रह्मदेशात जाऊन जिवंत आलेलं पोर, घरात पाय ठेवला तर आईची ओटी भरायला बायांची रांग. त्यानं विचारलं, कुणी सांगितलं आई मरणार म्हणून? सातारच्या डाक्टरनं. दुसऱ्या कुणाला दाखवलं? कुणालाच नाही. तर म्हणाला, "पलटणीत माणूस मेला तरी दोन डाक्टर बघत्यात, मग मेला म्हणत्यात. हिला जित्तेपणी एकानंच कसं मारलं?" दाजी उठून म्हशीला वैरण घालायला गेले. सासूबाई मात्र मधे पडल्या. म्हणाल्या, "आरं, अहेव मरण पदरात पडतंय तिच्या. पोट फाडून काय सोन्याचं हंडं निघणार हायत का? उगा शेवटाला चिरफाड." मी उठले, डोईवर पदर घेतला आणि म्हटलं, आत्याबाई, अहेव मरणाचा एवढा सोस होता तर मामंजी असताना का नाही उरकून घेतलंत? बोलू नये ते बोलले. पण रहिमतपूरच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीत मला फार हुशारी वाटली.

सांगलीला एका मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो. तिथले डाक्टर बुटके, चिडके, बोलायला माझ्यासारखेच. मला बरं वाटलं. म्हणाले, बाहेरनं वाजवून मला काही कळत नाही, उघडून बघायला लागेल. मी म्हटलं, उघडा, पण शिवताना आत काही विसरू नका. हुंगायचं औषध दिलं, मी शिव्या देत देत झोपले असं सयाजी सांगतो. पोटातनं घागरभर पाणी निघालं. आणि आतड्यावर सगळीकडं साबुदाणा सांडल्यासारखे दाणे. गाठीचा तुकडा काढून त्यांनी पुण्याला तपासायला धाडला. उत्तर येईस्तोवर दाजी रोज नदीवर गणपतीला जायचे. काय मागायचे ते सांगत नाहीत. मग एके सकाळी डाक्टर हसत आले (ह्या माणसाला हसताना बघून नर्सबाईच घाबरली) आणि म्हणाले, बाई, क्यान्सर नाही. क्षय आहे, पोटातला. बऱ्या व्हाल. नाना, मला क्यान्सर होता हे मला तो नाही म्हटल्यावर कळलं! सगळ्या गावाला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, बांगड्या नेणारीला ठाऊक होतं. मी खाटेवर उठून बसले, टाके ओढले गेले, आणि दाजींना म्हटलं, मग एवढे दिवस मला मारत कशाला होता? ते म्हणाले, "तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं."

पण खरी मजा पुढंच आहे. (मजा म्हणते, पण रागानं.) डाक्टरांनी विचारलं, बाई, दूध कच्चं पिता का? मी म्हटलं, मग काय शिजवून पितात? धार काढली की तिथंच तांब्या तोंडाला. ते म्हणाले, बंद करा. जनावराला क्षय असला तर कच्च्या दुधातनं माणसाच्या पोटात येतो. उकळल्याशिवाय थेंब घेऊ नका, आणि म्हैस ढोराच्या डाक्टरला दाखवा. तुझे दाजी खुर्चीवरनं उठलेच. सातारच्या डाक्टरनं बायको मरणार म्हणून सांगितलं तेव्हा भिंतीकडं तोंड करणारा माणूस, टेबलावर हात आपटून म्हणाला, "डाक्टर, बायकूला काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या म्हशीला नाव ठेवायचं काम न्हाई." सयाजीनं धरून बाहेर नेलं. डाक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बघताय काय, चार जणांत लगीन लावून दिलंय मला ह्याच माणसाशी.

निघताना डाक्टरांनी नीट समजावलं. छातीत काही नाही, खोकला नाही, थुंकीत नाही, घरच्यांनी लांब बसायचं कारण नाही. परदेशात नवं औषध निघालंय म्हणे, ते इथं यायला अवकाश आहे. तोवर विश्रांती, ऊन, अंडी, उकळलेलं दूध, माशाच्या तेलाची बाटली (त्याची चव सांगत नाही, जेवून वाचत असशील), आणि मुख्य म्हणजे कोरडी हवा. आमचं घर चारी बाजूंनी उसात आणि पाटाच्या पाण्यात आहे ऐकून त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, पावसाळा त्या ओलीत काढलात तर मी केलेलं सगळं वाया जाईल. मग मला बोल लावायचा नाही.

तर जगण्याचं वचन घेऊन मी घरी आले. मला वाटलं, भाकरतुकडा ओवाळतील. सासूबाई अर्धं दार लावून आतनं बोलल्या. क्षय हा शब्द आमच्याआधीच्या गाडीनं गावात पोचला होता. ज्या हातांनी वेणी घातली त्या हातांनी उंबऱ्यावरनं भाकरी टाकली, ती पण लांबनं, नेम धरून. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वाकळ जाळली. माझ्या ताटातला प्रसाद खाल्लेल्या बायांनी गोमूत्र प्यालं, आणि त्यातली एक त्यानं आजारी पडली तर ते पण माझ्यावरच. बनुबाईनं त्या चार बांगड्या काठीच्या टोकाला अडकवून कुंपणावरनं परत केल्या. (तीनच आल्या. एवढं भय वाटूनही एक ठेवून घेतलीच.) मी ओरडून ओरडून सांगते, अगं, पोटातला आहे, मी काय पोट काढून तुमच्या ताटात ठेवणार आहे? कोण ऐकतं! सयाजीनं सगळ्यांना सांगून बघितलं, पण त्याची रजा संपली, पलटणीनं तार केली, गेला. जाताना आजीशी भांडून गेला. तो गेल्यावर सासूबाई दारात बसून जे बोलल्या ते मी मरेस्तोवर विसरणार नाही. म्हणाल्या, "काय बी म्हणा, त्यो पयला आजार बरा हुता. निदान अब्रूचा तरी हुता."

आता मी उसातल्या खोपीत आहे. रखवालदार बसायचा ती. दाजी सांजसकाळ बांधावर भाकरी आणि दुधाचा तांब्या ठेवतात आणि मला कळावं म्हणून लांबनं खोकतात. (आम्हां दोघांत खोकणारा माणूस तो एकटाच, आणि क्षयरोगी मी.) माणूस वाईट नाही, भित्रा आहे. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तीन दगडांवर दूध मी दोनदा उकळते. आणि म्हैस? म्हैस घरात, सोप्यात, पेंडीवर. तिची बदनामी झाली, गावानं आमचं तूप घेणं बंद केलं, म्हणून दाजींनी तिची दृष्ट काढली, शिंगांना रंग दिला. ढोराच्या डाक्टरला दाखवली नाही ती नाहीच. ज्या दोघींवर संशय आहे त्यांतली एक घरात आहे आणि एक खोपीत, आणि घरात आहे तिला चार पाय आहेत.

आजाराचं आणि घरच्यांच्या वागण्याचं तुला सयाजीनं जाताना थोडक्यात कळवलं होतं. त्यावर तुझं ते संतोषाचं कार्ड. नाना, मरणाऱ्या बहिणीसाठी तुला मोटार मिळाली, रडू मिळालं, लुगड्याचं दुकान मिळालं. जगणाऱ्या बहिणीसाठी एक कार्ड, त्यातही अर्धी जागा कोरी! आपल्या आईबापामागं मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही, आताही मागत नाही. तू येऊ नकोस, कुणीच येऊ नका. माझी सोय मी पाचगणीला केली आहे. तिथं क्षयाच्या लोकांसाठी मोठा दवाखाना आहे, साहेब लोक खाटेवर पडून ऊन खातात, आजूबाजूला फुलझाडं, आणि दूध उकळूनच देतात, विचारावं लागत नाही. मी पण पडेन साहेबांच्या रांगेत. मला कुणाची गरज नाही. मनुबाईस आशीर्वाद. लेकरांना मुके, लांबनंच, भिऊ नकोस.

तुझी थोरली बहीण
रंगूबाई (अजून आहे)

ता. क. पाचगणीचं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. दाजी चौकशीला जातो म्हणून निघाले आणि वाईच्या घाटावरनं आंघोळ करून परत आले. म्हणाले, लांब आहे. तेव्हा पाचगणी राहिली. फुलझाडंबिडं मी मनानं घातली.

ता. क. दुसरा. डाक्टरांना मी विचारलं होतं, आटपाडीची हवा कशी? ते म्हणाले, बाई, त्या हवेत पाऊस पण पडायला भितो, तुमच्यासाठी तीच चांगली. मळ्यात विहिरीच्या कडंची खोली तू कडबा ठेवतोस ती मला पुरे. कडबा पण राहू दे एका अंगाला. हे मनुबाईला वाचून दाखव, वरचं भाकऱ्यांचं गाळ. तिला लेकरं आहेत, तिला भय वाटणारच. ती नको म्हणाली तर मला राग येणार नाही. (येईल, पण तो मी तुझ्यावर काढीन.) नाना, मरायची माझी फार छान सोय झाली होती. सगळे हजर होते, कुंकू होतं, केस विंचरलेले होते. पण मला मरायचं नाही रं. इथं रात्रीची ओल आत्ताच अंथरुणातनं वर यायला लागली आहे, अजून मृग लागायचा आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, कागद संपला. मी उत्तराची वाट बघणार नाही. येत्या सोमवारी कराडहून विट्याची मोटार धरून निघते. विट्याला तुझी गाडी उभी असली तर बसेन. नसली तर चालत येईन, दर फर्लांगाला बसत, आणि वाटेत जो माणूस भेटेल त्याला थांबवून नानासोचं घर विचारीन, मी त्याची कोण ते सांगेन, आणि चालत का येते आहे ते पण सांगेन. मोठ्यानं सांगेन. रोग पोटात आहे, गळ्यात नाही.